भाकीत छापा, पण त्याचा हिशोबही छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दर वर्षी डिसेंबर लागला की तुमच्या पेपरात, आणि तुमच्याच कशाला सगळ्याच पेपरांच्या मोबाईलवरच्या पानांवर, बाबा वेंगा हजर होते. पुढच्या वर्षी काय होणार, वाचून थरकाप उडेल अशा टाईपचं हेडिंग, खाली डोळे मिटलेल्या एका म्हातारीचा फोटो आणि मागे आगीचे लोळ. आत तिसरं महायुद्ध असतं, भूकंप असतो, परग्रहावरचे लोक असतात आणि शेवटी अमुक चार राशींचं नशीब उघडणार हेही असतं. मी लातूर जिल्ह्यातला, बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवून आता रिटायर झालोय, गावातली पोरं अजूनही या बातम्यांचे स्क्रीनशॉट घेऊन माझ्याकडे येतात, सर हे खरंय का म्हणून विचारतात, त्यातली काही खरोखर घाबरलेली असतात. म्हणून हे पत्र. मोठं झालंय, काटछाट करा पण कृपया छापा.

आधी ही बाई कोण होती ते सांगतो कारण बातमीत ते बहुतेक वेळा नसतंच. वेंगा ही बल्गेरियातली अंध बाई. जन्म १९११ चा, आज जे उत्तर मॅसिडोनियात आहे त्या स्ट्रुमित्साचा, आणि ऑगस्ट १९९६ मधे सोफियात ती वारली. लहानपणी वादळात सापडली आणि त्यातून दृष्टी गेली असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लोक तिच्याकडे यायचे ते जग कधी बुडणार हे विचारायला नाही, आमचा पोरगा लढाईवर गेलाय तो जिवंत आहे का एवढंच विचारायला. पुढे पेट्रिच आणि रुपिते इथे तिच्या दाराशी रांगा लागायच्या, येणाऱ्याने रात्री उशाखाली ठेवलेला साखरेचा खडा सोबत आणायचा अशी पद्धत होती, आणि प्रश्न असायचे आजारपणाचे, हरवलेल्या माणसांचे, लग्नकार्याचे. १९६७ पासून तिथल्या कम्युनिस्ट सरकारनेच तिला पगार सुरू केला, भेटीची फी सरकारजमा व्हायची आणि पाश्चात्त्य देशांतून आलेल्यांना जास्त फी होती. या बाईबद्दल माझ्या मनात काही राग नाही. ज्यांचं माणूस हरवलंय त्यांच्याशी ती बोलली, त्यांना तेवढाच आधार मिळाला असेल. माझं भांडण आहे ते तिच्या मागे तिच्या नावावर जे खपवलं जातं त्याच्याशी.

कारण तिने स्वतः पुस्तक लिहिलेलं नाही. २०२५ ला हे, २०२६ ला ते, आणि ५०७९ साली जगाचा शेवट अशी जी वर्षवार यादी फिरते ती तिने कुठे सांगितली, कुणी लिहून घेतली, कुठल्या साली छापली, हे मी आजवर वाचलेल्या एकाही मराठी बातमीत दिलेलं नव्हतं. कुर्स्क ही रशियन पाणबुडी १२ ऑगस्ट २००० ला बुडाली, ११८ नौसैनिक गेले, तर म्हणे वेंगाने वीस वर्षं आधीच सांगितलं होतं की कुर्स्क पाण्याखाली जाईल. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचंही तसंच, पोलादी पक्षी म्हणाली होती म्हणतात. मग त्या घटनेच्या आधीच्या तारखेचा एक तरी कागद, एक तरी पेपरचं कात्रण दाखवा ना. पुरावा म्हणून असते ती कुणाची तरी आठवण, आणि ती आठवण घटना घडून गेल्यावर सांगितलेली.

आणि याच याद्यांमधलं जे चुकलं ते कुठे जातं? तिच्याच नावावर सांगितलं जायचं की नोव्हेंबर २०१० मधे तिसरं महायुद्ध सुरू होऊन ऑक्टोबर २०१४ ला संपेल. २०१६ पर्यंत युरोप जवळपास ओस पडेल. अमेरिकेचा ४४ वा अध्यक्ष हा शेवटचा अध्यक्ष असेल. ओबामा ४४ वे होते, त्यांच्यानंतर त्या देशात किती निवडणुका झाल्या ते सगळ्यांना माहिती आहे. तरीपण बातमीत ठरलेलं वाक्य असतंच की वेंगाची ८५ टक्के भाकितं खरी ठरली आहेत. साहेब, मी गणितही शिकवलंय म्हणून विचारतो, टक्केवारी काढायला खाली एकूण आकडा लागतो. एकूण भाकितं किती, त्यातली खरी किती, खोटी किती, आणि हे तपासलं कुणी? हे विचारल्याशिवाय तुमच्या डेस्कवरून ते वाक्य पुढे जातंच कसं? आमदाराने किंवा कारखान्याच्या चेअरमनने असा आकडा दिला असता तर तुमच्या बातमीदाराने कागद मागितलाच असता.

हे फक्त वेंगाचं नाही. अमेरिकेत जीन डिक्सन नावाच्या बाई होत्या, १९५६ मधे एका मासिकात त्यांचं भाकीत आलं होतं की १९६० ची निवडणूक डेमोक्रॅट जिंकेल आणि तो अध्यक्षपदावर असतानाच मारला जाईल किंवा मरेल. १९६३ ला केनेडींचा खून झाला आणि बाई जगप्रसिद्ध झाल्या. पण १९६० मधे त्यांनीच निक्सन जिंकणार असंही सांगितलं होतं, ते लोक विसरले. नॉस्ट्राडेमसचं तर विचारूच नका, १५५५ पासून त्याच्या चार चार ओळी छापल्या जातायत आणि ज्याला जो अर्थ हवा तो निघतो. जिथे त्याने स्पष्ट साल घातलं, १९९९ चा सातवा महिना, आकाशातून भीतीचा महान राजा येईल, तो महिना आपण सगळ्यांनी बघितलाय. ट्विन टॉवर पडल्यावर त्याच्या नावाने ज्या ओळी जगभर ईमेलने फिरल्या त्यातल्या काही तर कॅनडातल्या एका विद्यार्थ्याने आधी आपल्या निबंधासाठी स्वतः रचलेल्या होत्या, आणि त्या त्याने रचल्या होत्या कशासाठी तर मोघम ओळी कशालाही कशा लागू पडतात ते दाखवायला.

आता तुम्ही म्हणाल की गंमत म्हणून छापतो, लोक वाचतात, कुणाचं काय बिघडतं. बिघडतं ते सांगतो.

जपानमधे र्यो तात्सुकी नावाच्या चित्रकार बाई आहेत, त्यांचं स्वप्नांवरचं एक कॉमिक पुस्तक १९९९ मधे आलं, त्याच्या मुखपृष्ठावर मार्च २०११ मधे मोठं संकट असं छापलं होतं. मार्च २०११ ला खरंच तो प्रचंड भूकंप आणि त्सुनामी आली. झालं, पुस्तकाला सोन्याचा भाव आला, २०२१ मधे नवी आवृत्ती निघाली, लाखो प्रती गेल्या, आणि त्यात होतं की खरं संकट जुलै २०२५ मधे आहे, जपान आणि फिलिपिन्सच्या मधे समुद्राचा तळ फुटेल आणि २०११ च्या तिप्पट उंच लाट येईल. लोकांनी त्यातून ५ जुलै ही तारीख पक्की केली. मग हाँगकाँगमधले लोक तिकिटं रद्द करायला लागले, तिथल्या दोन विमान कंपन्यांनी जपानच्या काही छोट्या शहरांच्या फ्लाईट कमी केल्या नाहीतर बंद केल्या, जून २०२५ मधे हाँगकाँगहून जपानला गेलेले पर्यटक आदल्या जूनपेक्षा साधारण एक तृतीयांशाने घटले. जपानच्या हवामान खात्याच्या प्रमुखांना पत्रकारांसमोर येऊन सांगावं लागलं की ही अफवा आहे, भूकंपाची तारीख, जागा आणि तीव्रता आधी सांगण्याचं तंत्र आज कुणाकडेच नाही. खुद्द तात्सुकीबाईंनी सांगितलं की मी काही भविष्यवेत्ती नाही, तज्ज्ञांचं ऐका. तरी भीती थांबली नाही कारण त्याच वेळी दक्षिणेकडच्या तोकारा बेटांवर शेकडो धक्के बसत होते, ते तिथे याआधीही बसलेले आहेत, पण यावेळी प्रत्येक धक्का ५ जुलैच्या खात्यावर जमा होत होता.

५ जुलै आली आणि गेली. पुढे ३० जुलैला रशियाच्या कामचाटका इथे ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, जपानच्या किनाऱ्यावरच्या लाखो लोकांना उंचावर जायला सांगितलं, इवाते भागात कुजी बंदरात लाट मोजली गेली ती १.३ मीटर. लगेच सुरू झालं की बघा, बाई बरोबरच होत्या, पंचवीस दिवस इकडे तिकडे. जागा हजारो किलोमीटर लांब, दिशा उलटी, लाट म्हणजे सांगितलेल्याच्या कितीतरी लहान, तरीपण बरोबर! ज्या देशात भूकंप नाही असा महिना जात नाही तिथे भूकंपाचं भाकीत चुकणार तरी कसं. आणि सगळ्यात वाईट काय वाटतं सांगू, जपान सरकारच्या समितीने जानेवारी २०२५ मधेच सांगितलं होतं की समुद्राखालच्या नानकाई खोऱ्यातला महाभूकंप पुढच्या ३० वर्षांत होण्याची शक्यता साधारण ८० टक्के आहे, कपाटं भिंतीला ठोकून ठेवा, पाणी भरून ठेवा, पळायचा रस्ता बघून ठेवा. हे खरं कामाचं आहे. पण यात तारीख नाही, म्हणून आपल्याकडे याची दोन ओळींचीही बातमी मी पाहिली नाही, आणि ५ जुलैचं मात्र रोज काहीतरी येत होतं.

आपल्या देशात तर याहून वाईट झालंय. सप्टेंबर २००८ मधे जिनिव्हाजवळ सर्न या विज्ञान संशोधन संस्थेचं मोठं यंत्र सुरू होणार होतं, कणांची टक्कर घडवणारं. ते भाकीत ज्योतिषाचं नव्हतं, पण चॅनेलवाल्यांनी त्याचं प्रलयाचं भाकीत करून टाकलं, कृष्णविवर तयार होणार आणि पृथ्वी गिळणार, दिवसभर तेच. मध्य प्रदेशातल्या सोळा वर्षांच्या एका मुलीने ते बघून बघून घाबरून आपला जीव दिला, तिच्या वडिलांनीच नंतर पत्रकारांना सांगितलं की आम्ही तिचं लक्ष दुसरीकडे वळवायचा प्रयत्न केला पण ती सारखी विचारत होती. १० सप्टेंबरला यंत्र सुरू झालं, काही झालं नाही. ते यंत्र पुढे वर्षानुवर्षं चाललं. ती मुलगी आज तिशीत असती. कुठल्या चॅनेलने तिच्या आईवडिलांची माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. वर्गात सोळा वर्षांची पोरं समोर बसवून आयुष्य घालवलेल्या माणसाला हे विसरता येत नाही, म्हणून "गंमत म्हणून" हा शब्द मला सहन होत नाही.

जुन्या लोकांना १९६२ चा अष्टग्रही योग आठवत असेल. ३ ते ५ फेब्रुवारी, मकर राशीत आठ ग्रह एकत्र, देशभर यज्ञ, होम, जप, कित्येक लोक प्रवासाला निघाले नाहीत, जगबुडीच होणार म्हणून. काहीही झालं नाही. पुढे ऑक्टोबरात चीनने हल्ला केला तेव्हा तो अष्टग्रहीच्या नावावर टाकला गेला, माझे वडील सांगायचे. पण अष्टग्रहीच्या फक्त सात महिने आधी, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासलाही, अर्धं पुणं वाहून गेलं, हे कुणी सांगितलं होतं का? एकाने नाही. पानशेत ग्रहांनी फुटलं नाही, काम अर्धवट असताना धरणात पाणी साठवलं म्हणून फुटलं, आणि आदल्या रात्री वाळूची पोती टाकत जवान झगडत होते तेव्हा धोका समजणारी माणसं तिथे धरणावरच होती. पुण्याच्या लोकांना त्या रात्री हवी होती ती खबर, ती वेळेवर सगळ्यांपर्यंत गेली नाही.

आणि माझ्या घराजवळचं किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. आठ ते दहा हजार माणसं गेली. तेव्हाही देशात ज्योतिषी होते, पंचांगं होती, वर्षभविष्यं छापत होती, वेंगाबाई तर जिवंत होती, कुणाच्या तोंडून किल्लारी हे नाव आलं नव्हतं. इशारा जमिनीनेच दिला होता, आदल्या वर्षी १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे छोटे छोटे धक्के बसत होते, खालून गडगडल्यासारखा आवाज यायचा. ते धक्के मोठ्याच्या आधीचे आहेत हे तेव्हा शास्त्रज्ञही खात्रीने सांगू शकत नव्हते, आजही सांगता येत नाही, हे मी लपवत नाही. पण माणसं मेली ती कशाने? दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं झोपेत अंगावर आलं. पुढे आमच्या भागात कित्येक महिने लोक घराबाहेर पत्र्याखाली झोपत होते आणि दर थोड्या दिवसांनी अफवा उठायची, अमुक महाराजांनी सांगितलंय आज रात्री पुन्हा येणार. म्हाताऱ्या बायका लेकरं कवटाळून रात्र रात्र बसायच्या. आधीच ज्यांचं सगळं गेलंय त्यांची झोपही या लोकांनी घेतली. म्हणून पेपरात भूकंपाचं भाकीत दिसलं की माझ्या अंगावर काटा येतो, आणि जुन्या माळवदाच्या घरांना आधार कसा द्यावा याची माहिती मात्र कधी दिसत नाही, अजूनही आमच्याकडे तशी घरं आहेत साहेब.

भविष्य सांगता येतच नाही असं मी म्हणत नाही. एडमंड हॅलीने सांगितलं की धूमकेतू १७५८ च्या सुमारास परत येईल, तो स्वतः १७४२ मधे वारला, आणि १७५८ च्या नाताळच्या रात्री धूमकेतू दिसला. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे दहा हजार लोक गेले, २०१३ ला त्याच किनाऱ्यावर फायलिन आलं तेव्हा हवामान खात्याने आधीच सांगितलं, जवळपास दहा लाख लोक हलवले आणि मृत्यू काही डझनांवर राहिले. फरक एवढाच की ही मंडळी कुठे, कधी, किती हे आधी सांगतात, कशावरून तेही सांगतात, आणि चुकले तर तेही सगळ्यांसमोर असतं. २०२४ वायआर४ या लघुग्रहाचं बघा, फेब्रुवारी २०२५ मधे पृथ्वीवर आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत गेली, ती त्यांनीच जाहीर केली, अजून निरीक्षणं झाली आणि थोड्याच दिवसांत शक्यता जवळपास शून्यावर आली, तेही त्यांनीच जाहीर केलं.

आणि भाकीत तपासायचं कसं हे शिकायला बल्गेरियाला जायची गरज नाही, पुण्यातच झालंय ते. २००८ मधे डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी मिळून चाचणी घेतली. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) कार्यकर्त्यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, १०० हुशार विद्यार्थी आणि १०० मतिमंद मुलांच्या शाळेतले. कुंडल्या करून मिसळल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला चाळीस चाळीस दिल्या, यातली हुशार कोण आणि मतिमंद कोण तेवढंच सांगा. ५१ ज्योतिषांनी भाग घेतला, उत्तरं पाठवली २७ जणांनी, आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आलं. छापा-काटा करून ५० येतं. एका संस्थेला सगळ्या २०० दिल्या होत्या, त्यांची १०२ बरोबर आली. किती साधी पद्धत आहे बघा, आधी नियम ठरवले, उत्तरं लेखी घेतली, मग मोजलं. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला मारलं, नारळीकर सर मे २०२५ मधे गेले. सरांवर तुमच्या पेपरसकट सगळ्यांनी पानं पानं भरून लिहिलं, वाचून डोळे भरून आले, आणि सहा-सात महिन्यांत डिसेंबर आला की पुन्हा वेंगा.

म्हणून माझं मागणं काही फार मोठं नाही. भाकितं बंद करा असं मी म्हणत नाही, तुमचंही पोट त्या क्लिकवर आहे हे मला कळतं. पण भाकीत छापताना ते कुणी, कधी, कुठे सांगितलं आणि घटनेच्या आधी ते कुठे नोंदलंय हे लिहा, सापडत नसेल तर सापडलं नाही असं लिहा. आणि जानेवारीत जे छापलं ते जपून ठेवून ३१ डिसेंबरला तेवढ्याच जागेत, तेवढ्याच मोठ्या टाईपात त्याचा निकाल छापा. एक पान पुरेल. कात्रणं जपायला माणूस नसेल तर मी जपतो, इथून पोस्टाने पाठवतो, मला दुसरं काय काम आहे आता.

आणि एक तारीख आत्ताच लिहून ठेवा. १३ एप्रिल २०२९, शुक्रवार, आपल्या घड्याळाने १४ तारखेची पहाट म्हणजे आंबेडकर जयंतीचा दिवस. त्या वेळी अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे, आपले टीव्हीचे उपग्रह असतात त्याच्याही आतून. २००४ मधे सापडला तेव्हा काही दिवस तो आदळण्याची शक्यता २.७ टक्के धरली होती, आता २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर निदान शंभर वर्षं तरी तो आदळणार नाही हे नक्की झालंय. पण तुम्ही बघालच, २०२८ पासून वेंगाच्या, नॉस्ट्राडेमसच्या आणि अजून कुणाकुणाच्या नावाने त्या तारखेची भाकितं यायला लागतील. तेव्हा पहिल्या बातमीतच आदळणार नाही हे हेडिंगमधे घाला, खालच्या सातव्या ओळीत नको, कारण पोरं सातव्या ओळीपर्यंत जात नाहीत, ती हेडिंगचा स्क्रीनशॉट काढतात आणि माझ्याकडे येतात.

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. औसा, जि. लातूर